अडत दुकानातले तीन संगणक आणि गुरुजींचा लॅपटॉप : व्हाइटलिस्ट बसवतानाच्या नोंदी

काम असं: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात तीन संगणक आहेत, तिन्हींवर विंडोज १० प्रो. शिवाय विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा लॅपटॉप, त्यावर विंडोज ११ होम. दोन्हीकडची देखभाल माझ्याकडे आहे. अँटीव्हायरस वाईट फायली ओळखून अडवतो आणि ज्या ओळखता येत नाहीत त्या चालू देतो. व्हाइटलिस्टचं उलटं असतं. यादीत आहे तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. संगणकातलं फारसं न कळणाऱ्या माणसाचं यानं खरंच रक्षण होतं का, हे मला बसवून आणि रोजच्या कामात वापरून पाहायचं होतं. नोंदी टाकायला मालकांची आणि गुरुजींची परवानगी घेतली आहे.

६ जानेवारी २०२५

हे काम का निघालं ते आधी. दिवाळीनंतर दुकानाच्या मुख्य संगणकावरच्या सगळ्या फायली रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, कुलूपबंद केल्या. ते आलं झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवरून. फाइलवर पीडीएफचं चित्र होतं. नावाच्या शेवटी 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं होतं, म्हणजे खरं तर तो चालणारा प्रोग्रॅम होता, पण विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) मुळातच लपवतं, म्हणून दिवाणजींना फक्त 'पीडीएफ' दिसलं. अँटीव्हायरस पैसे भरलेला होता, अपडेटही झालेला होता. फाइल नवी होती, त्याला ती माहीत नव्हती. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली असायची, त्यामुळे तीही गेली. वजनाच्या कागदी काटापट्ट्या समोर ठेवून मागच्या सगळ्या पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाचे हिशेब) पुन्हा भरण्यात दिवाणजींचा डिसेंबर गेला.

आज पाहणी केली. तिन्ही संगणकांवर सगळेजण ॲडमिन खात्यानंच काम करतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. फाइल एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग लगेच केली, बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवली. रोज संध्याकाळी जोडायची, बॅकअप झाला की काढायची. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं तरी प्रत्येकानं करावं.

१३ जानेवारी

सुरुवात सोप्या वाटणाऱ्या वाटेनं केली. बाजारात अशी व्हाइटलिस्टची सॉफ्टवेअर मिळतात की आधी काही दिवस संगणक 'शिकतात' आणि मग नवं काही चालू होताना विचारतात: चालू देऊ की अडवू? त्यातलं एक दुकानात आणि गुरुजींच्या लॅपटॉपवर चाचणीच्या मुदतीसाठी बसवलं.

शिकण्याचा काळ संपल्यावर यादी उघडून पाहिली. दुकानातल्या एका संगणकावर कुणीतरी कधीतरी टाकलेला एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर होता. तो ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलायचा, जाहिराती दाखवायचा. यादीत तो 'विश्वासू' म्हणून बसला होता. अशी यादी मळलेल्या संगणकावर तयार केली तर मळालाच परवाना मिळतो. तिन्ही संगणक फॉरमॅट करूनच पुढं जायचं ठरवलं. या पायरीला कंटाळून ती टाळणाऱ्यांनी व्हाइटलिस्टच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ जानेवारी

विचारणारं सॉफ्टवेअर दोन्हीकडून काढून टाकलं. ते बिघडलेलं नव्हतं. जे करायला सांगितलं होतं तेच ते करत होतं. पण त्याच्या नोंदवहीत जे दिसलं ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाणजींनी आलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'चालू द्या' असंच उत्तर दिलं होतं. प्रत्येक. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय लिवलंय ते वाचत बसू का पट्टी काढू? शेतकरी म्होरं हुबा असतोय. हिरवं बटन दाबलं की काम पुढं जातंय." त्यांचं काहीही चुकलेलं नाही. समोर माणूस उभा आहे, खिडकीत इंग्रजी नाव आहे, एक बटण काम पुढं नेतं, दुसरं थांबवतं.

गुरुजींनी नेमकं उलटं केलं होतं. प्रत्येक प्रश्नाला 'अडवा'. दिवाळीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, त्यामुळे नको ते चालू होण्यापेक्षा काहीच चालू नको, असा त्यांचा विचार. प्रिंटरचं अपडेट अडलं, ब्राउझरचं अपडेट अडलं, आणि ब्राउझर जुनाच राहिला. जुना ब्राउझर हा स्वतःच धोका आहे.

दोघं स्वभावानं अगदी वेगळे, पण दोघांनाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. ज्या माणसाला चांगली फाइल आणि वाईट फाइल यांतला फरक कळत नाही म्हणून आपण रक्षण बसवतो, त्यालाच हे सॉफ्टवेअर विचारतं की ही फाइल चांगली की वाईट. त्याला फरक कळत असता तर पीडीएफचं चित्र लावलेली ईएक्सई त्यानं उघडलीच नसती. यापुढं एकच नियम: संगणक वापरणाऱ्याला काही विचारायचं नाही. यादीत असेल तर चालेल, नसेल तर चालणार नाही, आणि यादी बदलणारा माणूस दुसरा असेल.

२६ जानेवारी

यार्डाला सुट्टी. तिन्ही संगणकांत जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्या, एकूण ५,५०० रुपयांच्या आसपास खर्च. विंडोज नव्यानं टाकलं. दिवाणजी आणि कारकून यांना साधी खाती, ॲडमिन खातं वेगळं. हे केल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही, कारण ॲपलॉकर या विंडोजमधल्या व्हाइटलिस्टच्या सोयीच्या मूळ नियमांत ॲडमिनला सगळं चालवायची मुभा असते. ॲडमिन खात्यात बसलेला माणूस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणाला की यादी संपली.

दिवाणजींना समजावताना यार्डाचंच उदाहरण कामाला आलं. सौद्यात बोली कोण लावतं? ज्याच्याकडे बाजार समितीचा परवाना आहे तोच खरेदीदार. रस्त्यावरनं आलेला माणूस चांगला की वाईट याची चौकशी करत कुणी बसत नाही, परवाना नाही म्हणजे बोली नाही. "मग हे आधीच सांगायचं की," ते म्हणाले, आणि पुढच्या सगळ्या त्रासात त्यांनी साथ दिली.

३० जानेवारी

निवड केली विंडोजमधल्याच ॲपलॉकरची. विकतचं काही नको होतं. ॲपलॉकर विंडोज ७ पासून आहे, पण बराच काळ तो फक्त एंटरप्रायझसारख्या महागड्या आवृत्त्यांत नियम लागू करायचा, त्यामुळे छोट्या दुकानाला त्याचा उपयोग नव्हता. मायक्रोसॉफ्टनं ती अट नंतर काढली. आता अपडेट केलेल्या विंडोज १० प्रोवर तो चालतो. जुने लेख वाचून 'प्रोवर होत नाही' असं समजून सोडून देऊ नका.

नियम लावले आणि काहीच घडलं नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली कुठलीही ईएक्सई खुशाल चालत होती. कारण: 'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' नावाची सेवा बंद होती. ती चालू नसेल तर नियम नुसते कागदावर राहतात. सर्व्हिसेसच्या खिडकीतून ती 'ऑटोमॅटिक' करायला गेलो तर परवानगी नाकारली जाते. विंडोज १० पासून ती संरक्षित आहे. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एससी कॉन्फिग ॲपआयडीएसव्हीसी स्टार्ट= ऑटो' अशी आज्ञा द्यावी लागते. 'स्टार्ट' आणि बरोबरच्या चिन्हात जागा नको, चिन्हानंतर एक जागा हवीच. यात अख्खी दुपार गेली. तुमची जाऊ नये.

सुरुवातीला 'ऑडिट ओन्ली' ठेवलं. म्हणजे अडवत काहीच नाही, पण काय अडवलं असतं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ८००३ क्रमांकाखाली लिहून ठेवतं.

९ फेब्रुवारी

ऑडिटची नोंदवही वाचली. मूळ नियम 'प्रोग्रॅम फाइल्स' आणि 'विंडोज' या दोन फोल्डरांतलं सगळं चालू देतात. साध्या खात्याला तिथं लिहिता येत नाही, त्यामुळे तिथलं सगळं ॲडमिननंच बसवलेलं असणार, असा त्यामागचा हिशेब. पण दुकानात रोज लागणाऱ्या अनेक गोष्टी या दोन्हींच्या बाहेर निघाल्या.

व्हिडिओ मीटिंगचं ॲप सीएसोबत बोलायला लागतं. ते वापरणाऱ्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये बसतं. त्याला प्रकाशकाचा नियम केला, म्हणजे कंपनीची डिजिटल सही असलेली पुढची आवृत्तीही आपोआप चालेल. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर सहीविना आहे, कंपनीनं वर्षानुवर्षं बदललेलं नाही. त्याला हॅशचा नियम. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. न बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला हॅश उत्तम.

आणि अडतीचं सॉफ्टवेअर. पट्टी, तोलाई, हमाली, उचल, सगळं त्यातच. इथल्याच एका प्रोग्रॅमरनं लिहिलेलं, सही नाही, डी ड्राइव्हवर ठेवलेलं. त्यालाही हॅश दिला. यातून पुढं काय झालं ते खाली आहे.

'विंडोज' फोल्डरच्या आतही असे काही उपफोल्डर असतात जिथं साध्या खात्याला लिहिता येतं: टेम्प, टास्क्स, प्रिंटरच्या स्पूलखालचा रंगांचा फोल्डर. ते 'चालू द्या'च्या नियमातून अपवाद म्हणून वगळले, म्हणजे तिथलं काही चालणार नाही. त्याबरोबर 'एमएसएचटीए', 'डब्ल्यूस्क्रिप्ट' आणि 'सीस्क्रिप्ट' हे स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचेच तीन प्रोग्रॅमही वगळले. दुकानात यांचं काही काम नाही, आणि व्हायरसवाले हेच तीन सर्रास वापरतात.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर नियम खरे लागू केले. लगेच कॅल्क्युलेटर उघडेना, फोटो उघडेनात, स्टार्ट मेनूही धड चालेना. कॅल्क्युलेटरसारखी स्टोअरची ॲप वेगळ्या गटात मोजली जातात. ईएक्सईचे नियम लागू केले आणि या गटात एकही नियम नसेल तर त्या गटातलं सगळंच अडतं. 'पॅकेज्ड ॲप'चा मूळ नियम तयार केला की सुटतं. शिवाय स्क्रिप्टचे नियमही लावून ठेवा. ते लागू असले की पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं आज्ञा चालवायचं साधन, साध्या खात्यात आखडत्या भाषेत चालतं, त्याच्याकडून मोठी उलाढाल करून घेता येत नाही.

डीएलएलचे, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या जोड-फायलींचे, नियम लावले नाहीत. जुने संगणक संथ होतात, आणि त्यांची देखभाल छोट्या दुकानाला झेपणार नाही. यात थोडी फट राहते हे मालकांना सांगितलं.

२५ फेब्रुवारी

हळदीचे सौदे होते. राजापुरी हळदीची आवक चांगली, दुकानासमोर पोत्यांच्या थप्प्या. सकाळी साडेदहाला दिवाणजींचा फोन: "आरं, पट्टी निघंना झालीया. सौदं झाल्यात, शेतकरी हुबं हायती. कुणीतरी ॲडमिनला इचारा म्हणतंय, कोण हाय त्यो?"

अडतीच्या सॉफ्टवेअरची नवी ईएक्सई आदल्या संध्याकाळी प्रोग्रॅमरनं पाठवली होती आणि कारकुनानं नेहमीप्रमाणे जुन्या फाइलवर टाकली होती. फाइल बदलली म्हणजे हॅश बदलला, म्हणजे ती यादीत नाही. ॲपलॉकरनं बरोबर काम केलं आणि दुकानाचं काम बंद पडलं. मी मिरजेत होतो. पोचेपर्यंत दिवाणजींनी वहीत हातानं पट्ट्या लिहायला सुरुवात केली होती. लांबून आलेल्या शेतकऱ्यांना हिशेबासाठी ताटकळावं लागलं. जत, आटपाडीकडून टेम्पो करून आलेल्या माणसाचा एक तास म्हणजे टेम्पोचं भाडं असतं. हे नुकसान दुकानाच्या वहीत कुठं दिसत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

तात्पुरता नवा हॅश दिला आणि रात्री नीट विचार केला.

पहिला पर्याय: सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये हलवायचं. जमलं नाही. त्याचा डेटाबेस, जुनी ॲक्सेसची एमडीबी फाइल, ईएक्सईच्या शेजारीच लागतो, आणि तो उघडताना त्याच फोल्डरमध्ये एलडीबी नावाची कुलुपाची फाइल तयार होते. म्हणजे फोल्डरमध्ये लिहायची परवानगी हवीच.

दुसरा पर्याय: अख्ख्या फोल्डरला पाथचा, म्हणजे पत्त्याचा, नियम. तो धोक्याचा. जिथं वापरणारा लिहू शकतो तिथलं सगळं चालू द्यायचं, तर पेन ड्राइव्हवरची फाइल तिथं नेऊन ठेवली की झालं.

शेवटी जे केलं ते असं. नियम फक्त त्या एका ईएक्सईच्या पूर्ण पत्त्याला दिला, फोल्डरला नाही. फोल्डरवर साध्या खात्याला नवी फाइल तयार करायची परवानगी ठेवली, पण दुसऱ्याची फाइल पुसायची नाही. स्वतः तयार केलेल्या फाइलवर तयार करणाऱ्याचा पूर्ण हक्क, त्यामुळे एलडीबी तयार होते आणि पुसलीही जाते. एमडीबीवर बदलाची परवानगी. ईएक्सईवर फक्त वाचायची आणि चालवायची. आता त्या फोल्डरमध्ये दुसरी कुठलीही ईएक्सई ठेवली तर ती यादीत नाही, आणि आहे ती ईएक्सई साध्या खात्यातून बदलता येत नाही, पुसता येत नाही, तिचं नावही बदलता येत नाही. नवी आवृत्ती आली की ॲडमिननं टाकायची. पत्ता तोच असल्यामुळे नियमाला हात लावावा लागत नाही.

प्रोग्रॅमरशी बोललो. आधी तो वैतागला, कारण बाकीच्या दुकानांत त्याला असा त्रास नाही. दिवाळीत काय झालं ते सांगितल्यावर सौद्याच्या आदल्या दिवशी अपडेट पाठवायचं नाही, हे त्यानं मान्य केलं.

१२ मार्च

किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरला होता. ॲडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे ठेवला तर मी गावाला गेलो की दुकान अडतं. दिवाणजींना दिला तर पुन्हा हिरवं बटण. मालक म्हणाले, सूनबाईंकडे द्या. दुकानाचं जीएसटीचं काम त्याच बघतात, दुकानाच्या वर राहतात, पण गल्ल्यावर बसत नाहीत.

हे नेमकं बसलं. वहिनींना, म्हणजे या सूनबाईंना, संगणकातलं माझ्याएवढं कळत नाही, आणि तेवढं कळायची गरजही नाही. कुणी काही बसवायला मागितलं तर त्या विचारतात: कुणी पाठवलं, कशासाठी, आजच का लागतं? समाधान झालं नाही तर मला फोन. त्यांच्यासमोर शेतकरी उभा नसतो, त्यामुळे त्यांना थांबायला वेळ असतो. महिनाभरात अशा ज्या मागण्या आल्या त्यातल्या बहुतेक त्यांनी दारातच परत पाठवल्या. 'फाइल उघडण्यासाठी हे आधी बसवा' असं सांगणारा एक ईमेल त्यात होता.

२७ मार्च

पहिला खरा प्रसंग. त्याच प्रकारचा पेन ड्राइव्ह, पुन्हा झेरॉक्सच्या दुकानातून. यात शॉर्टकट व्हायरस होता. खरे फोल्डर लपवलेले, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. शॉर्टकटवर टिचकी मारली की डब्ल्यूस्क्रिप्टमार्फत लपलेली स्क्रिप्ट चालते. दिवाणजींनी टिचकी मारली. डब्ल्यूस्क्रिप्ट वगळलेला असल्यामुळे 'व्यवस्थापकानं अडवलं आहे' अशा अर्थाची खिडकी आली. नोंदवहीत ८००४ क्रमांकाची नोंद, तारीख, वेळ, सगळं मिळालं. ॲडमिन खात्यातून 'ॲट्रिब' आज्ञेनं फोल्डर पुन्हा दिसते केले, शॉर्टकट पुसले. कुणाला काही विचारलं गेलं नाही, कुणाला काही ठरवावं लागलं नाही, आणि दुकान चालू राहिलं.

अँटीव्हायरसनं तो पेन ड्राइव्ह स्वच्छ ठरवला होता. तरी अँटीव्हायरस काढू नका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवला आहे. त्याची आणि ॲपलॉकरची कामं वेगळी आहेत.

९ एप्रिल

हळदीचे भाव पाहायला उघडलेल्या एका साइटवर 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' अशी चौकट आली. त्यात पायऱ्या: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. ही फसवणूक २०२४ पासून जगभर पसरली आहे. साइट आधीच क्लिपबोर्डवर आज्ञा ठेवते आणि माणसाकडूनच ती चालवून घेते. कारकुनानं सांगितल्याप्रमाणे केलं. आज्ञा एमएसएचटीएची होती, म्हणून अडली.

या प्रसंगानं मला जास्त काळजी वाटली, कारण इथं बाहेरची कुठलीच फाइल नव्हती. विंडोजचाच, सहीचा, मूळ नियमांत बसणारा प्रोग्रॅम वापरला जात होता. मूळ नियम तसेच ठेवले असते तर तो बिनबोभाट चालला असता. ग्रुप पॉलिसीतून (विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीतून) 'रन'ची खिडकी साध्या खात्यांना बंद केली. दुकानात ती कुणालाच लागत नाही.

ब्राउझरच्या आतलं ॲपलॉकरला दिसत नाही, ती फटही याच आठवड्यात नीट बंद केली. क्रोमच्या धोरणांतून सगळी एक्स्टेन्शन बंद, फक्त ठरवलेली चालू. साइटच्या सूचना सरसकट बंद. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' म्हणून कोपऱ्यात येणाऱ्या खिडक्या बहुतेक वेळा अशा सूचनाच असतात.

२१ एप्रिल

गुरुजींचा लॅपटॉप. खरेदी केला तेव्हा तो एस मोडमध्ये होता, म्हणजे फक्त स्टोअरची ॲप चालतील असा. विकणाऱ्या दुकानानं देण्याआधीच तो मोड काढला, आणि एकदा काढला की सेटिंगमधून परत येत नाही. ज्येष्ठांसाठी लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानदाराला आधीच बजावावं.

होम आवृत्तीत ॲपलॉकरची खिडकीच नाही. तिथं विंडोजचं दुसरं हत्यार वापरलं: ॲप कंट्रोल, ज्याला आधी डब्ल्यूडॅक म्हणत. ते सगळ्या आवृत्त्यांवर चालतं आणि ॲडमिनलाही लागू होतं. मायक्रोसॉफ्टचा फुकट विझार्ड नियमांची फाइल तयार करून देतो. सही आणि नावलौकिक पाहून परवानगी देणारा साचा घेतला. नावलौकिक म्हणजे फाइल इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडच्या माहितीशी ताडून पाहणं. इथंही आधी ऑडिट, नोंदी ३०७६ खाली. लागू केल्यावर अडवलेल्या नोंदी ३०७७ खाली येतात. हा प्रकार ड्रायव्हरही अडवू शकतो, म्हणून लागू करण्याआधी विंडोजचा बूट होणारा पेन ड्राइव्ह हाताशी ठेवा. संगणक उठलाच नाही तर नियमाची फाइल तिथून पुसता येते.

गुरुजींच्या जुन्या प्रिंटरचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर सहीविना निघालं, अडलं. त्याला यादीत घेण्याऐवजी विंडोजचं स्वतःचं स्कॅन ॲप शिकवलं. गुरुजींनी पायऱ्या वहीत लिहून घेतल्या.

क्विक असिस्ट काढून टाकलं. दुसऱ्याला आपला संगणक चालवू देणारं हे विंडोजचंच ॲप आहे, त्यामुळे मूळ नियमांची यादी ते अडवत नाही, आणि ठग लोक ते वापरतात. मीही गुरुजींना तेच उघडायला लावून मदत करायचो. आता त्यांच्या घरी जातो. लांबून मदत करायची सोय आपल्याला असली की ती तिसऱ्यालाही असते.

११ मे

गुरुजींना फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसी संपलं, पेन्शन थांबेल. लॅपटॉप उघडायला लावून एक फाइल उतरवायला सांगितली. गुरुजींनी उतरवली, चालवली. अडली. त्या माणसानं पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा अडली. मग तो म्हणाला, लॅपटॉप राहू द्या, व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप बसवायची फाइल) पाठवतो, मोबाइलवर बसवा.

गुरुजींनी मला नंतर सांगितलं, "अरे, बँकेचं काम असतं तर तू ते यादीत ठेवलं असतंस, असं मनात आलं आणि मी फोन ठेवला." मग त्यांनी बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन विचारलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तो नंबर कळवला.

लॅपटॉपवरच्या यादीनं गुरुजींना थांबायला कारण दिलं आणि अवधी दिला. पण पुढचा हल्ला फोनवर वळला होता, आणि तिथं त्या क्षणी काहीच बसवलेलं नव्हतं. गुरुजींनी स्वतः ओळखलं नसतं तर लॅपटॉपवरची माझी सगळी मेहनत निरुपयोगी होती. त्याच संध्याकाळी फोन हातात घेतला. अँड्रॉइड ८ पासून अनोळखी ॲप बसवायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी देता येते. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, तिघांचीही काढली. प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासायची सोय) चालू आहे ना ते पाहिलं. दिवाणजी, कारकून, मालक, वहिनी, सगळ्यांच्या फोनवर दुसऱ्या दिवशी हेच केलं. मालकांच्या फोनवर व्हॉट्सॲपला ती परवानगी दिलेली होती. लग्नाच्या पत्रिकेच्या नावानं आलेली एक एपीकेही तिथं पडून होती, सुदैवानं न उघडलेली.

हे काम करणाऱ्यांनी फोनपासून सुरुवात करावी. वेळ सर्वांत कमी लागतो, खर्च शून्य.

१ जून

आजची स्थिती. दुकानात नियम लागू आहेत. महिन्यातून एकदा ८००४ च्या नोंदी वाचतो. आता त्यात बहुतेक कुणीतरी उतरवलेले फुकटचे कन्व्हर्टर असतात. नव्या ॲपच्या मागण्या वहिनींकडून येतात. सॉफ्टवेअरला पैसा लागला नाही. खर्च एसएसडीचा आणि माझ्या वेळेचा. तो वेळ पहिल्या दोन महिन्यांत भरपूर गेला, आता फारसा जात नाही. किल्ली सांभाळणारा माणूस मिळत नसेल तर मी कुणाकडेही हे बसवणार नाही. शेजारच्या एका गाळ्याला याच कारणासाठी नकार दिला. तिथं साधी खाती, डिफेंडर, फोनच्या परवानग्या आणि सुटा बॅकअप एवढंच करून दिलं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आणि दुकानातले संगणक विंडोज ११ ला चालणारे नाहीत. दिवाळीआधी नवे घ्यायचे असं मालकांशी ठरलं आहे, तेही प्रो आवृत्तीचेच. ॲपलॉकरचे नियम एक्सएमएल फाइलमध्ये काढून दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवले आहेत, एक माझ्याकडे, एक वहिनींकडे. अडतीच्या फोल्डरच्या परवानग्या त्या फाइलमध्ये येत नाहीत, त्या हातानं लिहून सोबत ठेवल्या आहेत. नव्या संगणकांवरही आधी ऑडिट, आणि लागू करायचं ते सौदे नसलेल्या दिवशी.